बिजलराव श्वान आणि वळीबाई मार्जार यांच्या तहाची बखर

श्री. कुळदेवाचे पायी भंडारा वाहून, ऐकणारांस आयुष्य आणि सांगणारास दम मागून, हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नावच विरोधी, तेव्हा पुढे जे जाहले त्याचा बोल कोणा एका जिवावर ठेवू नये ऐसे लिहिणाराचे मत आहे. परंतु लिहिणाराचे मत आजवर कोणी पुसले नाही, सबब मूळ मजकुरास लागतो.

माळावर एक राज्य होते. राज्यास नाव नव्हते, कारण नाव ठेवावयास कोणी तिकडे फिरकलेच नव्हते. पूर्वेस ओढा, पश्चिमेस बाभळी, मध्ये गवताने शाकारलेले एक घर आणि घरामागे काटेरी कुंपणाचा मेंढवाडा, एवढा मुलूख; आणि मुलखाचे धनी धुळाजी धनगर. त्यांची पहिली बायको देवाघरी गेली त्यास बहुत वर्षे लोटली होती, आणि मग धुळाजी माणसांशी बोलणे विसरत चालले होते. मेंढ्यांशी बोलत, ओढ्याशी बोलत, आणि भाकरी करपली की तव्याशी भांडत. राज्याचे सेनापती बिजलराव. जातीने श्वान, रंगाने काळे, छातीवर पांढरा पट्टा, आणि डावा कान लांडग्याशी झालेल्या झुंजीत फाटलेला. लांडगा माळावर उतरला की बिजलराव पुढे होत आणि लांडगा मागे होत असे. आणि एखादे मेंढरू कळप सोडून भरकटले की बिजलराव भुंकत नसत, चावत नसत, लांबून फेर घालून त्याच्या पाठीशी येत आणि त्यास बिनबोभाट धन्याचे पायाशी आणून सोडीत. आणि बाणा असा की धुळाजींचा शब्द पडेल तरच उठावे. एकदा गावच्या पाटलांनी तूप लावलेली भाकरी दाखवून बोलाविले, तर बिजलरावांनी भाकरीकडे पाहिले, पाटलांकडे पाहिले, आणि जांभई देऊन कूस बदलली. पाटील ते वर्षभर विसरले नाहीत.

ऐसे चालले असता ज्येष्ठ मासी धुळाजींचा मोहतूर ठरला, म्हणजे पहिला संसार सरलेल्या दोघांचे दुसरे लग्न. वधू ठकूबाई, घोंगड्या विणणाऱ्या घरातली, हाताने चलाख, बोलण्यात मोजकी. ठकूबाईंनी एकच अट घातली की माग बरोबर येईल आणि मांजर बरोबर येईल. धुळाजी म्हणाले की मागच काय, मागाखालची जमीनही खणून आणा. इतके ते हर्षले होते. त्यांनी घर दोनदा सारविले, तिसऱ्यांदा सारवू लागले तेव्हा ओढ्यापलीकडे राहणाऱ्या त्यांच्या आत्या कोंडाई यांनी हातचा बोळा काढून घेतला. मग वरात आली, म्हणजे एक बैलगाडी; गाडीत मागाची लाकडे, लाकडांवर ठकूबाई, मांडीवर झाकणाची टोपली, आणि गाडी हाकणारे ठकूबाईंचे धाकटे बंधू नागोजी. टोपलीत वळीबाईसाहेब. रंगाने करड्या, डोळ्यांनी पिवळ्या, पिलू असता पिंजलेल्या लोकरीच्या वळीत, म्हणजे गुंडाळीत, शिरून निजत म्हणोन नाव वळी. ही मांजरी केवळ शोभेची नव्हे. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लाविली की ती खावयास उंदरांच्या फौजा चालून येतात आणि एका प्रहरात आठवड्याचे काम कुरतडून टाकतात. त्या फौजांस वळीबाईंचा एवढा धाक की त्या मागाजवळ नुसत्या निजल्या तरी उंदीर आडवाटेने जात. तेव्हा वाचणारांनी ध्यानी घ्यावे की या राज्यास श्वानावाचून मेंढ्या नाहीत आणि मार्जारावाचून घोंगडी नाही.

गाडी अंगणात उभी राहिली, धुळाजी मागाचे जड लाकूड खांद्यावर घेऊन गाडीमागे गेले, बैल डिरकले, आणि ठकूबाईंनी टोपलीचे झाकण उचलले. वळीबाई उडी टाकून निघाल्या त्या कुंपणाकडे, आणि ठकूबाईंनी कासावीस होऊन तिच्या नावाने हाक मारिली, आणि मग काय सांगावे, उंबऱ्यावर निजलेले बिजलराव बाण सुटावा तैसे सुटले. वळीबाईंनी पाठ कमान केली, शेपूट कुंच्यासारखे फुगविले, पंजा मारिला. बिजलराव डावीकडून आले, बाई उजवीकडे. बिजलराव उजवीकडून आले, बाई बैलाच्या पाठीवर. बैल उधळला, गाडीतले खळीचे मडके फुटले, नागोजी खळीत बसले, आणि वळीबाई बैलावरून छपरावर आणि छपराच्या आढ्यावर जाऊन ऐशा काही शिव्या देऊ लागल्या की त्या मार्जारभाषेत होत्या हेच बरे. धुळाजी लाकूड टाकून धावले, कुत्र्याच्या मानेस धरिले, आणि जन्मात प्रथमच त्यावर काठी उगारली. बिजलरावांनी त्या काठीकडे पाहिले. ते पाहणे धुळाजींच्या काळजात रुतून राहिले.

नागोजी खळ झाडीत उठले आणि बोलले की दाजी, दसऱ्याला येतो, आक्का सुखात दिसली तर जेवून जाईन, नाही तर तिला घेऊन जाईन. आणि ठकूबाई छपराकडे पाहत राहिल्या. तिन्हीसांज झाली तरी मांजर उतरले नाही, आणि नव्या नवरीने भाकरीचा तुकडा मोडला नाही. मग धुळाजींनी पुसले की एका मांजरापायी एवढे? तेव्हा त्या बोलल्या ते असे, आणि हे शब्द धुळाजींनी पुढे कितीदा तरी मनात फिरविले:

"पहिला धनी गेला तवा घर रिकामं झालं. दीर गेलं, जावा गेल्या, भांडीबी गेली. ही तेवढी मागापाशी बसून ऱ्हायली. मी रागानं जायाची न्हाई बगा. पर माजं जनावर जीव मुठीत धरून बसंल त्या घरात मला घास उतरायचा न्हाई."

आता धुळाजींची अवस्था काय वर्णावी! कुत्रा देऊन टाकावा तर लांडगे आठ दिवसांत मेंढवाडा रिता करतील. मांजर घालवावे तर ठकूबाई जातील. आणि ठकूबाई येऊन एकच दिवस जाहला होता, तोच धुळाजींस कळून चुकले होते की आता त्या तव्याशी पुन्हा एकट्याने भांडणे आपल्याच्याने होणार नाही. ते उठले आणि तडक ओढा ओलांडून कोंडाईआत्यांचे दारी गेले. आत्या म्हणजे राज्याच्या मुत्सद्दी. त्यांनी मिश्री लावली, सर्व ऐकून घेतले, आणि बोलल्या की, "धुळ्या, आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतोस तवा काय करतोस? आदी तिच्या वासाचं फडकं कोकराला चोळतोस का न्हाई? मंग हितं घाई कशाला? आदी वास, मंग आवाज, मंग तोंड." इतके बोलून त्यांनी दार लावून घेतले, कारण त्यांची झोपेची वेळ झाली होती.

मग तहाची बोलणी सुरू जाहली. घराचे दोन मुलूख केले. आतली खोली, माग आणि माळा वळीबाईंचे, ओसरी आणि अंगण बिजलरावांचे, आणि मध्ये दाराला कुडाचा पडदा. माळा हा बाईंचा बालेकिल्ला ठरला. धुळाजींनी त्यास बाभळीच्या लाकडाची अरुंद शिडी लाविली, जीवरून मांजर चढेल आणि श्वान चढणार नाही, आणि त्या शिडीचे त्यांस एवढे कौतुक की येईल त्यास दाखवीत. उपरांत नजराणे गेले. बिजलरावांच्या अंगाखालचे घोंगडीचे तुकडे आत, वळीबाईंच्या अंगाखालचे बाहेर. बाईंनी पहिला नजराणा हुंगून त्यावर थुंकल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी लांब बसून पाहिले. मग एके दिवशी त्यावर एक पाय ठेविला, आणि ठकूबाई धावत बाहेर येऊन ही वार्ता धुळाजींस सांगू लागल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळला होता, आणि धुळाजींनी मनात म्हटले की हा नजराणा मलाच पोहोचला. उपरांत कुडाच्या अलीकडे पलीकडे दोघांच्या थाळ्या मांडिल्या, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ, की एकमेकांचा आवाज आला म्हणजे पोट भरते ही गोष्ट दोघांच्या मनी बसावी. बिजलराव चपचप जेवत, बाई बिनआवाज जेवत, आणि बाईंस ती चपचप फार अडाणी वाटे, हे त्यांच्या कानांवरून स्पष्ट दिसे. शेवटी कूड अर्धा वर केला. बिजलराव दोरीस बांधलेले, दोरी धुळाजींच्या मुठीत. बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. आणि दोन्ही धनी श्वास कोंडून. बिजलरावांनी पाहिले, मान वळविली, आणि जमिनीवर हनुवटी टेकली. बाई एक पायरी खाली उतरल्या. अहाहा! दोन बादशहांच्या भेटी लिहिणाराने ऐकल्या आहेत, परंतु एवढी शांतता कोठे ऐकली नाही.

दरबारात आनंद जाहला, ठकूबाईंनी गुळाचा शिरा केला, आणि दोरी सोडली. आणि दोरी सोडली त्याच सांजेला तह मोडला. धुळाजी घरामागे मेंढ्या वाड्यात कोंडीत होते, मेंढ्यांचा कालवा ऐसा की आपला आवाज आपणास ऐकू येऊ नये. बिजलराव काम उरकून पुढल्या अंगणी गेलेले. आणि ठकूबाईंनी दुधाची वाटी भरून मांजरास हाक मारिली. एवढ्यात आरडाओरडा. धुळाजी धावले तो बाई तुळशीच्या कट्ट्यावर फुगलेल्या, बिजलराव भोवती फेर घालताहेत, दूध मातीत, आणि ठकूबाई भिंतीशी पाठ लावून पांढऱ्याफटक. बिजलरावांस पुन्हा बांधिले, पुन्हा खडसाविले, पुन्हा कूड लाविला, पुन्हा नजराणे, पुन्हा थाळ्या, पुन्हा शिडी. पुन्हा भेट गोड जाहली. दिवसा दोघे एका ओसरीवर निजू लागले, तीन हातांवर. आणि मग पुन्हा सांज झाली, आणि पुन्हा घात झाला. ऐसे श्रावणात जाहले, भाद्रपदात जाहले. धुळाजी म्हणत की हे कुत्रे दिवसा साधू आणि सांजेला चोर कसे होते? बिजलराव मार खात नसत, कारण धुळाजींच्याने मारवत नसे. परंतु बोल खात, दोरी खात, आणि दर वेळी धन्याच्या तोंडाकडे ऐसे पाहत की जसा कोणी हिशेब चोख द्यावा आणि तरी चोर ठरावा. आणि ठकूबाई रोज थोडे कमी बोलत, थोडे कमी जेवत. मागाचा खटखट आवाज मात्र थांबत नसे. धुळाजी माळावर असता वाऱ्याबरोबर तो ऐकत आणि मनात म्हणत की तो आहे तोवर ती आहे.

मग दसरा आला. दसऱ्यास फौजा निघतात तैसे नागोजी गाडी घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. त्यांनी बहिणीच्या गालाची हाडे पाहिली आणि जेवणाचे नाव काढिले नाही. ठकूबाई आत गेल्या आणि मागाची लाकडे सोडू लागल्या. खटखट थांबली. धुळाजींनी त्या दिवशी मेंढ्या चरावयास नेल्याच नव्हत्या. ऊन चढले होते, मेंढ्या बाभळीखाली माना घालून गप्प रवंथ करीत होत्या, आणि धुळाजी ओसरीजवळ उभे, त्यांच्या पायाशी बिजलराव. पहिल्या बायकोस पोहोचवून आले त्या दिवशी ते असेच उभे होते. लाकडे गाडीत चढली. ठकूबाई चढल्या. टोपली मांडीवर घेतली, झाकण उघडले, आणि पाहिले तो वळीबाई कोठे? बाई पार पलीकडे, कुंपणाच्या कोपऱ्यात, उन्हात अंग चाटीत बसलेल्या. जाण्याची काही लगबग नाही. मग ठकूबाईंनी गाडीतून, लांब होती म्हणोन गळा मोकळा करून, हाक दिली.

"वळीऽऽ! ये गं, वळीऽऽ!"

आणि धुळाजींचा उजवा पाय आपोआप पुढे पडला, आणि हात काठीवर गेला.

आता या ठायी एक मजकूर सांगणे प्राप्त आहे. प्रत्येक धनगराची माळावरची हाक आपापली असते. कोणी शीळ घालतो, कोणी हुर्र करतो. धुळाजींची हाक 'वळी'. मेंढरू वळीव, म्हणजे वळवून माघारी आण, या बोलण्याचा शेवट वाऱ्याने खाल्ला आणि एवढी वळी राहिली. छातीतून काढून, टेकडीच्या पलीकडे जाईल ऐशी ते ती देत. परंतु ती माळावरची हाक, घरात कधी काढावयाची नाही, आणि ठकूबाई मागावरून उठून माळावर कधी गेल्या नव्हत्या. मांजरीचे नाव धुळाजींस ठाऊक होते, नव्हते ऐसे नाही. परंतु एकीची वळी लोकरीची आणि दुसऱ्याची वळी मेंढरांची. एक अंगणात हळू, एक माळावर दणकून. आणि जी हाक आपल्याच घशातून जन्मभर निघते ती कोणास शब्द म्हणून ऐकू येते? ती त्या दिवशी प्रथम दुसऱ्याच्या तोंडून, मोकळ्या गळ्याने, मेंढ्यांचा कालवा नसता, धुळाजींच्या कानी पडली. दोन्ही वळ्या एकच आहेत हे दोन शहाण्या माणसांस चार महिने उमगले नाही, आणि श्वानास पहिल्या दिवशी उमगले होते.

बिजलराव सुटले. नागोजी चाबूक उगारून गाडीतून उडी टाकणार, तोच धुळाजींनी त्यांचे मनगट धरिले आणि म्हणाले की थांब, हलू नको, बघ. आणि सर्वांनी पाहिले, आणि या खेपेस नीट पाहिले. बिजलराव मांजरावर गेलेच नाहीत. ते लांबून, कुंपणाला लागून, मोठा फेर घालून गेले. तोंड मिटलेले, पोट जमिनीशी. आणि पाठीमागून येऊन डावीकडे थोपविले, उजवीकडे थोपविले. आणि आज कोणी किंचाळले नाही, काठी आली नाही, म्हणोन वळीबाईंनीही दोन पंजे मारून, एक शिवी हासडून, शेपूट उभे करून चालावयास आरंभ केला, जणू आपण स्वखुशीनेच निघालो. पुढे बाई, मागे सेनापती, ऐसी स्वारी अंगण ओलांडून गाडीपाशी आली. आणि मग बिजलराव खाली बसले, आणि त्यांनी मान वर करून पाहिले, धुळाजींकडे नव्हे. ठकूबाईंच्या तोंडाकडे. काम झाले, आता शाबास म्हणा, ऐसे ते पाहणे.

धुळाजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. ते गाडीच्या चाकाला धरून बोलू लागले, आणि लग्न झाल्यापासून एवढे सलग ते प्रथमच बोलले.

"ठकू, ती माजी हाक हाय. मेंढरू माघारी आणायची. तू दर सांजंला त्येला सांगत व्हतीस की मांजर आणून दे, आन् ते आणून देत व्हतं. मी त्येला बांदलं, बोललो, आन् ते तरीबी उठत व्हतं. अगं, ह्यो कुत्रा माज्याबिगर कुनाच्या शब्दावर उठत न्हाई. पाटलाच्या न्हाई उठला. तुज्या उठला. तू गाडीतनं उतरायच्या आदी त्येनं तुला घरची मानली."

 ठकूबाईंनी टोपली बाजूस ठेविली आणि त्या गाडीतून उतरल्या. मातीत बसून त्यांनी त्या काळ्या श्वानाचे फाटक्या कानाचे डोके दोन्ही हातांत धरिले आणि त्या हुंदके देऊन रडल्या, आणि बिजलराव, ज्यांनी लांडग्यांपुढे मान खाली केली नव्हती, ते शेपटीने सारे अंगण झाडू लागले. वळीबाईंस हा प्रकार मुळीच आवडला नाही. त्या दोघांच्या मध्ये शिरून ठकूबाईंच्या मांडीवर बसल्या, आणि बिजलरावांची हनुवटी त्यांच्या पाठीस लागली, आणि त्यांनी ती लागू दिली. नागोजींनी चाबूक गाडीत टाकला, खाकरून घसा साफ केला, आणि पुसले की दाजी, घरात काही खायला आहे का.

उपरांत नवा तह जाहला, आणि तो माणसांमाणसांत. धुळाजी म्हणाले की मी माझी हाक बदलतो. ठकूबाई म्हणाल्या की हाक लांडग्याच्या वेळची, तिला हात लावायचा नाही, मीच मांजरीला दुसरे नाव देते. दोघेही माघार घेण्यास ऐसे हट्टाला पेटले की लग्नानंतरचे त्यांचे पहिले भांडण ते हेच. शेवटी कोंडाईआत्यांनी निवाडा केला की हाक राज्याची, ती राहावी, आणि मांजराचे नाव दुसरे ठेवावे. तेव्हापासून बाई करडीबाई जाहल्या, आणि वाटीवर दोन टिचक्या मारिल्या की माळ्यावरून उतरत, नाव काही का असेना. त्या दोघांचे पुढे प्रेम जाहले काय, ऐसे कोणी पुसेल तर लिहिणारा खोटे लिहिणार नाही. थंडी पडली तेव्हा दोघे एका घोंगडीवर निजत, आणि तोंडे विरुद्ध दिशांस करून निजत. राज्ये याहून कमी भरवशावर चालली आहेत.

आणि धुळाजींस माळावरून परतावयास उशीर करण्याची जुनी खोड होती. ओढ्याशी बोलत बसत, घरी वाट पाहणारे कोणी नाही ही सवय अंगी मुरलेली. तर सांज कलली आणि धनी दिसला नाही की ठकूबाई मागावरून उठून दाराबाहेर येत, पदर खोवून उभ्या राहत आणि छातीतून काढून, टेकडीपलीकडे जाईल ऐशी हाक देत, "वळीऽऽ!" आणि मग ओढ्याकाठी बिजलराव उठत, लांबून फेर घालून धुळाजींच्या पाठीशी येत, डावीकडे थोपवीत, उजवीकडे थोपवीत, आणि त्यांस बिनबोभाट घरी आणून ठकूबाईंचे पायाशी सोडीत.

येणेप्रमाणे विरोधी संवत्सरी झुंज जाहली ती त्याच संवत्सरी मिटली. श्वान, मार्जार, मेंढरे, घोंगडी आणि धनी सर्व घरी पोहोचले. लिहिणाराने त्या घरी शिरा खाल्ला आहे. मजकूर पुरा.